गिअरबॉक्स गेला तर

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. समोर त्यांची जुनी ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की नवऱ्याला तिच्यातून उपसून काढावं लागलं.

"अहो, गिअरबॉक्स गेला तर गाडी विकणार, शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय गं बाई! किती वेळा वदवून घेशील?"

मेकॅनिक हात पुसत आला.

"काका, गिअरबॉक्समधलं तेल कुणी काढलं?"

"मीच. इंजिन बंद करून तेल मोजायची पट्टी पाहिली, तर जास्त दिसलं."

"अहो, या गाडीत ती पट्टी इंजिन चालू ठेवून बघतात! बंद केल्यावर जास्तच दिसणार. चांगलं तेल काढून टाकलंत, मग गिअर घसरणारच! गिअरबॉक्स ठणठणीत आहे."

"ऐकलंस?"

"दादा, जरा नीट बघा ना हो! एवढी जुनी गाडी, काहीतरी गेलंच असेल!"