करड्या कार्डावरची बोट

…आणि वर मलाच विचारतात, गुद्रुन, रंगात एवढं काय असतं? रंगात काय असतं! अहो, माझं घरदार त्या रंगावर टांगलेलं होतं, आणि ही माणसं विचारतात रंगात काय असतं... तुम्हाला सांगते, तेवीस वर्षं मी नगरपालिकेच्या वाहतूक खात्यात बसते, बर्फात अडकलेल्या शाळेच्या बस बघितल्या, वादळात मोडलेला धक्का बघितला, पण एवढा धक्का मला कशानं बसला नव्हता. आणि दाखवायचं काय होतं? एक आकडा. फक्त एक आकडा हो!

म्हणजे कसं, मी राहते स्कार्सो बेटावर आणि नोकरी करते पलीकडे किनाऱ्यावरच्या गावात. मधे पाणी. बेटावर आम्ही चौऱ्याण्णव माणसं, आणि आमची एकच फेरीबोट, ‘मारेन’. सकाळी सहा चाळीसला बेटावरून सुटते, दिवसभर ये-जा करते, आणि संध्याकाळी चार दहाला किनाऱ्यावरून शेवटची परत फिरते. उन्हाळ्यात तंबू पाठीला बांधून सायकलवाले येतात, उभं राहायला जागा नसते. भांडण असतं ते हिवाळ्याचं. दर चार-पाच वर्षांनी नगरपालिकेच्या समितीत कोणाला तरी आठवतं, की अरे, ही बोट हिवाळ्यात चालवायची कशाला? नोव्हेंबर ते मार्च बंद करा की! आता पाच महिने बोट नसली तर मी कामावर जाऊ कशी, पोहत? आणि घर विकायचं म्हटलं तर बोट नसलेल्या बेटावर घर घेणार कोण, समुद्रपक्षी? त्या घराच्या खिडक्या मी स्वतः रंगवल्यात हो... मला नाही सोडवत ते.

तर यंदा माझी साहेबीण लिसबेत येते आणि म्हणते, “गुद्रुन, समितीपुढे आता कागद नाहीत. डॅशबोर्ड. नऊ सेवा, नऊ कार्डं, एक पडदा. सभासद दोन मिनिटं बघतील, हात वर करतील आणि जेवायला जातील. तुझ्या बोटीचं कार्ड तूच निवड.” कार्ड म्हणजे काय, तर एक चौकोन. वर नाव, मधे मोठ्ठा आकडा, खाली बारीक काहीतरी. झालं. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? जानेवारीत बोटीनं चारशे बारा माणसं गेली. चारशे बारा लिहिते आणि मोकळी होते. एक आकडा तर आहे!

मोकळी होते कसली... मी चारशे बारा टाकले मात्र, आणि चौकोन झाला लालभडक! खाली तोंड केलेला बाण, आणि शेजारी ‘तेहतीस टक्के घट’. मी खुर्चीतच गार! अहो, कसली घट? कोण घटलं? बघते तर काय, यंत्रानं आपल्या मनानंच जानेवारीची तुलना डिसेंबरशी लावलेली! डिसेंबरात नाताळ असतो, बाबांनो! कोपनहेगनची पोरं, नातवंडं, पोरांचे नवे जोडीदार, सगळे बेटावर बदक खायला येतात आणि तीन किलो वजन वाढवून परत जातात. त्या सहाशे अकरांपुढे जानेवारीची बिचारी माणसं कशी पुरणार? पण कार्डावर नाताळ दिसतो का? नाही. कार्डावर दिसतं एवढंच, की ही बोट चालली बुडायला.

मग मी दुसरं कार्ड घेतलं, गाडीत वेग दाखवणारा काटा असतो ना, तसलं. त्याला सांगावं लागतं, शंभर टक्के म्हणजे किती. मी आपलं बोटीत मावतील तेवढी माणसं गुणिले फेऱ्या असं टाकलं, तर काटा डावीकडे जो लोळला तो उठेचना. संध्याकाळी बोटीत मी तो आमच्या कप्तानाला दाखवला. अक्सेल. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन हवामानावर. त्यानं बघितलं, पाइप तोंडातून काढला आणि म्हणाला, “इंजिनाचा काटा असा दिसला तर मी पोहायचं जाकीट घालतो.” आणि पाइप परत तोंडात. तिसरं कार्ड घेतलं, त्यात आकड्याखाली बारीक रेघ, वर्षभराचे चढउतार दाखवणारी. जुलैत टेकडी आणि नंतर सपाट... सपाट... सपाट. माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या दिवशी यंत्रावर अशीच रेघ होती हो. मी घाईनं पडदाच बंद केला.

चार दिवस! चार दिवस मी एका आकड्याशी झुंजत होते! आणि पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला, की जानेवारीची तुलना जानेवारीशीच करायची. मागच्या जानेवारीत तीनशे एकोणनव्वद, यंदा चारशे बारा. टिचकी मारली, आणि तुम्हाला सांगते, चौकोन हिरवागार! बाण वर! सहा टक्के वाढ! आणि यात लबाडी काडीची नाही, खरा हिशेब, हिवाळ्याला हिवाळा. मला रडूच आलं. मी बोटीत अक्सेलला दाखवलं, तो नुसता ‘हं’ म्हणाला, पण तो ‘हं’ चांगला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग संपलं की. संपतंय कुठे! बेटाबद्दल काही समितीपुढे जायचं असेल तर आधी बेटावरच्या लोकांना दाखवायचं, हा आमचा रिवाज. गुरुवारी समाजघरात सभा. टेबलावर छोटा झेंडा, कॉफी, बिस्किटं, आधी सगळ्यांनी मिळून गाणं, सहाही कडवी, आणि मग मी नऊही कार्डांसकट आमचं कार्ड पडद्यावर लावलं. हिरवं! मला वाटलं, टाळ्या पडतील. लोक उठून मला मिठ्या मारतील.

सगळे बिस्किटं मोडत बसले. मग पहिल्या रांगेतून डॅग्नी उठली. डॅग्नी आमच्या रहिवासी मंडळाची अध्यक्ष. बेटावरच्या निम्म्या लोकांना तिनं शाळेत शिकवलंय, मलासुद्धा, त्यामुळे ती उठली की माझी पाठ आपोआप ताठ होते. चष्मा नाकावर आणून म्हणते, “गुद्रुन, हिरवा? आणि वर बाणसुद्धा?”

मी म्हटलं, हो डॅग्नी, वाढ झालीय ना.

“ते मला दिसतंय. पण आपण असे कोण लागून गेलो? तेवीस माणसं जास्त गेली, त्यात नऊ वेळा तर मीच दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. आणि शेजारी ते फिरत्या वाचनालयाचं कार्ड लाल आहे. ते बघ की जरा. त्याच्या मांडीला मांडी लावून आपण हिरवे होऊन मिरवायचं?”

आणि सगळं समाजघर माना डोलवायला लागलं! अहो, मी हादरलेच! तुमची बोट चाललीय, तुमची घरं चाललीत, आणि तुम्हाला लाज कसली वाटते, तर हिरव्या रंगाची? मी परोपरीनं सांगितलं. ऐकतंय कोण? एक म्हणाला, बाण काढ, बाण म्हणजे बोट दाखवून फुशारकी. दुसरी म्हणाली, टक्के काढ, टक्के बडे लोक सांगतात. मागून कोणीतरी म्हणालं, आकडा फार मोठा दिसतो, जरा लहान कर, लोकांना वाटेल आपण ओरडतोय. मी काढत गेले, पुसत गेले... आणि शेवटी रंग. निळा? नको, निळा थाटाचा. पिवळा? पिवळा ओरडतो. डॅग्नी म्हणाली, “करडा घे. करड्याला कोणी नावं ठेवत नाही.” मतदान झालं. सगळे हात वर. आणि सांगायला लाज वाटते, त्यात माझासुद्धा! तिच्यासमोर हात खाली ठेवायची माझी छाती आहे का? बाकीची आठ कार्डं लाल-हिरवी झगमगतायत आणि आमचं एक फिकट करडं, त्यात मुंगीएवढे चारशे बारा. एकच आकडा होता हो, आणि तोही यांना जास्त झाला!

मग समितीचा दिवस. मी मागच्या खुर्चीत. कर्मचाऱ्यानं सभेत आपणहून बोलायचं नसतं, विचारलं तरच. अध्यक्ष फ्लेमिंग, भला माणूस, पण पडद्यासमोर बसला की गोंधळलेला. पहिलं कार्ड, फिरतं वाचनालय, लाल. “लाल आहे, म्हणजे लोकांना नकोय.” हात वर, बंद. दुसरं, पोहण्याच्या तलावाची बस, हिरवी. मी म्हटलं, ही तरी वाचली. तर फ्लेमिंग काय म्हणतो? “छान चाललंय, म्हणजे आता आपल्या मदतीची गरज नाही.” हात वर, बंद! माझे डोळेच पांढरे झाले! लाल असलं तरी बंद, हिरवं असलं तरी बंद! म्हणजे माझ्या त्या हिरव्या चौकोनाचं... माझ्या घराचं...

आणि आमचं कार्ड आलं. फ्लेमिंगनं त्याच्यावर टिचकी मारून बघितली. परत मारली. मग शेजारच्या बाईंकडे झुकून म्हणाला, “हे करडं आहे. म्हणजे हे आधीच बंद झालंय वाटतं.” बाई म्हणाल्या, हो, माझ्या मोबाइलवरसुद्धा बंद असलेली गोष्ट करडीच दिसते. “मग यावर मत कशाला घ्यायचं? पुढचं.” आणि गेला पुढं!

माझं तोंड उघडलेलं, मंडळी. शब्द जिभेवर आलेले, की अहो, बंद कुठं, मी सकाळी त्याच बोटीनं आलेय! लिसबेतकडे बघितलं. लिसबेत छताकडे बघत होती, फार एकाग्रतेनं. आणि मग माझ्या डोक्यात शिरलं, की बंद करायला हात वर करावे लागतात. आणि जे बंदच आहे, त्यासाठी हात वर करतंय कोण? मी तोंड मिटलं. तेवीस वर्षांत एवढं घट्ट कधी मिटलं नव्हतं.

पण खरा धक्का तर पुढेच आहे. तीन आठवड्यांनी फ्लेमिंगचं पत्र, की ‘मारेन’ बोटीच्या इतक्या वर्षांच्या सेवेला निरोप द्यायला मी स्वतः बेटावर येतोय. येणार कसा, तर बोटीनं! आला. सकाळच्या खेपेला, मांडीवर भलामोठा गोड पाव घेऊन, बदामाचा. अक्सेलनं तिकीट फाडलं, यानं ते खिशात टाकलं. समाजघरात गाणं झालं, भाषण झालं. “आजपासून हे पाणी शांत होईल,” असं म्हणताना त्याचा आवाज कापरा झाला, आणि पहिल्या रांगेत डॅग्नीनं खरंच डोळे पुसले! अक्सेलला एक घड्याळ दिलं. अक्सेलनं ते बघितलं आणि म्हणाला, “तीन वाजायला आले. ज्याला परत जायचंय त्यानं चला.” आणि फ्लेमिंग त्याच बोटीत बसला, हात हलवत गेला! धक्क्यावर उभी राहून मी बघत होते, आणि माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. जाता जाता मला काय म्हणाला माहितीये? “बरं झालं बाई, बोट गेली तरी तुम्ही काहीतरी सोय ठेवलीत.”

आता वर्ष झालं. पुढच्या बुधवारी परत समिती. बोट बंद आहे आणि मी रोज तिनं कामाला येते. यंदा जानेवारीत चारशे छप्पन्न माणसं गेली, कोणाला सांगू नका. काल समाजघरातल्या सभेत मी कार्ड दाखवलं, तेच करडं, तोच मुंगीएवढा आकडा. म्हटलं, आता तरी कोणी काही बोलणार नाही. तर डॅग्नी उठली. चष्मा नाकावर.

“गुद्रुन,” म्हणते, “सगळ्या पडद्यावर आपलंच एकटं करडं. फार उठून दिसतं.”

मतदान झालं. सगळे हात वर. हो, माझासुद्धा... आता बसलेय रंग शोधत. घरी जायचंय, चार दहाची बोट आहे. बंद आहे, पण वेळेवर सुटते.