वासराचा फोटो

माझ्या कॅमेऱ्याचं विचारताय ना? मी पडलो गुरांचा डॉक्टर. कॅमेरा रोज गाडीच्या डिक्कीतून अकोले तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरतो आणि रोज तसाच घरी येतो.

त्या दिवशीही जेवायला फुरसत नव्हती. शेवटच्या गोठ्यात गाय अडलेली, वासरू आडवं आलेलं. मोठ्या झटापटीनं ते सुटलं आणि धडपडत उभं राहिलं. अंगावर इतकं सुरेख ऊन पडलं होतं की मी हात कसेबसे धुऊन कॅमेरा आणायला धावलो.

परत येतो तर गायीची मालकीण, मावशी, वासरापुढे आडवी उभी.

"फोटू न्हाई काढायचा, डाक्टर. नजर लागंल."

"अहो मावशी, दिवसभरात एक तरी काढू द्या!"

मावशीनं कॅमेराच मागून घेतला. "मंग तुमचा काढते. तुमाला कुनाची नजर लागतीया!"

त्या फोटोत शर्ट शेणानं माखलेला आणि मी खळखळून हसतोय. घरातले सगळे फोटो मीच काढतो, म्हणून मी कशातच नसतो. माझा म्हणावा असा तो एकच, मावशीच्या कृपेनं. बायकोनं फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय. येणारे-जाणारे सगळे बघतात.

मावशी खरं बोलली. अजून तरी नजर लागलेली नाही.