उत्तराची बाजू

...बसा हो, बसा, तो पसारा सरकवा बाजूला — आणि जरा हळू बोला, आतल्या खोलीत धाकटा आहे, माझा भाऊ. तर काय म्हणत होतात? सत्कार. लोककला जिवंत ठेवल्याबद्दल. जिवंत म्हणे! आणि समारंभात थोडं गायचंसुद्धा — अहो, काय गाऊ? आमचं गाणं दोघांचं. मी विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं. वडिलांनी मला प्रश्न शिकवले, त्याला उत्तरं रचायला, आणि एकाचं दुसऱ्याला द्यायचं नाही ही घरची रीत — उत्तर ठाऊक असलं की विचारण्यात जीव राहत नाही म्हणायचे.

जन्मभर शेजारी उभी होते, मग ऐकून पाठ कसं नाही झालं? विचारा, विचारा, सगळेच विचारतात. कसं होणार? प्रश्न तेच, पण उत्तर दरवेळी नवं! समोर कोण बसलंय ते बघून रचायचा. पुढे एखादी पोटुशी दिसली की एक उत्तर, नुकती बायको गेलेला कुणी दिसला की दुसरं — एकदा एका कंजूष यजमानाची अशी हजेरी घेतली की यजमानच हसून लोळला, आणि मी पुढचा प्रश्न विसरले! जुनी रेकॉर्डिंग आहेत तुमच्याकडे, माहितेय मला. ती त्या दिवसाची, त्या माणसांची उत्तरं. रचायचं कसं ते त्याच्या डोक्यात होतं, आणि त्याला आता स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. त्याची मुलगी शिकणार होती — ती नोकरीला लागली, तिला कशाला बोल लावू?

नुसते प्रश्न गा? लोकांना काय कळतंय? त्यांना नाही कळणार हो, मला कळेल ना! मी विचारून गप्प उभी राहणार आणि तुम्ही टाळ्या वाजवणार?

मग सत्काराला हो का म्हटलं — हे कुणाला बोलले नाहीये. रोज सकाळी त्याचं तोंड पुसताना पहिला प्रश्न गाते मी. डॉक्टर म्हणतात, उपयोग नाही. नसेल. पण म्हटलं, स्टेज असेल, दिवे असतील, समोर माणसं बसलेली दिसली तर एखादं उत्तर — एकच हो, जास्त नको मला. थांबा, दार उघडते. तुम्ही इकडे या, त्याला दिसाल असे बसा. माणूस लागतो समोर.

वाट संपते तिथं कोण राहतं रे, सांऽऽग —

बघा, बघा, मान वर केली! ओठ हलताहेत — काय रे? काय म्हणतोस राजा?

ऐकलंत ना? 'ताई आली की सांगतो.'

अरे, मीच रे ताई. मीच विचारतेय.

...उठा तुम्ही. माझं नाव काढून टाका तिथून. आणि जाताना बाहेरचं दार ओढून घ्या.