पत्र्यावरचं पाणी

कॉलीन : वजनकाटा तेच दाखवतोय, नेव. गाडी अडीचशे किलो जास्त. तू कितीदा वाकून बघितलंस म्हणून आकडा लाजून खाली यायचा नाही.

नेव : तुझा काटाच बिघडलाय.

कॉलीन : चाळीस वर्षं गव्हाचा ट्रक घेऊन यायचास, तेव्हा वजन कमी भरलं म्हणून भांडायचास. आज हे राहायचं मोटारहोम आणलंस, तर जास्त भरलं म्हणून भांडतोस. काट्यानं करावं तरी काय?

नेव : तेव्हाही बिघडलेलाच होता.

रेलीन : घरी येऊन मलाही हेच ऐकवायचा. ताटातलं गार होईपर्यंत.

कॉलीन : रेलीन, तू खाली ये ना. मघापासून आत बसून काय राखतेयस?

रेलीन : इथंच बरी आहे.

नेव : गप्पा पुरे. वजन उतरवल्याशिवाय निघता यायचं नाही. ट्रकचं लायसन्स मी सोडून दिलंय; साडेचार टनांच्या वर गेलं की आपलं साधं लायसन्स चालत नाही, आणि कुठं ठोकलं तर विमावाला हात वर करून मोकळा.

कॉलीन : मग उतरव सावकाश. शेत विकलंस, रिटायर झालास, आता इथला हिवाळा चुकवून सहा महिने उत्तरेला जाऊन उन्हात लोळायचंय. एक दिवस इकडे की तिकडे. शुक्रवारी पाऊस येणार म्हणतात, तो बघून जा की.

नेव : म्हणूनच आज निघायचंय.

कॉलीन : पावसाच्या आधी पळणारा शेतकरी पहिल्यांदाच बघतेय बाई.

नेव : थांब, सापडलं. पाण्याची टाकी. रेलीन, टाकी कोणी भरली?

रेलीन : मी. काल.

नेव : किती?

रेलीन : काठोकाठ.

नेव : म्हणजे दोनशे किलो नुसतं पाणीच झालं. अगं, रिकाम्या टाकीनं निघायचं हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. वाटेत मुक्कामाच्या प्रत्येक कॅरव्हान पार्कात नळ असतो. चला, बराचसा सुटला प्रश्न. कॉलीन, इथंच खाली सोडलं तर चालेल?

कॉलीन : सोड की. तेवढीच धूळ बसेल.

रेलीन : त्या तोटीला हात लावू नकोस.

नेव : काय म्हणालीस?

रेलीन : पाणी सोडायचं नाही. दुसरं काय हवं ते उतरव. माझी ती लोखंडी हंडी काढ, शिवणाचं मशीन काढ. पाणी नाही.

नेव : हंडी आणि मशीन मिळून किती होणार? तीस किलो. रेलीन, आपण पाण्याबद्दल बोलतोय. पाणी सगळीकडे मिळतं.

रेलीन : हे मिळत नाही. हे घरामागच्या टाकीतलं आहे. पत्र्यावरचं, पावसाचं.

नेव : बरं, मग?

रेलीन : मग काही नाही. त्याचा चहा करायचाय मला.

नेव : चहासाठी दोनशे लिटर?

कॉलीन : मी जरा ऑफिसात जाऊन येते.

रेलीन : थांब गं, तुझ्यापासून काय लपवायचंय. नेव, ते नवे मालक परवा आले होते ना, तू डिझेलच्या पिंपांचा हिशेब करत होतास तेव्हा. त्यांना जमीन हवी आहे, घर नकोय. घराला कुलूप लावून ठेवणार आहेत. आणि टाकी पाडून भंगारात घालणार. माझ्यासमोर टेप लावून मापं घेतली त्यांनी.

नेव : मला बोलली नाहीस.

रेलीन : बोलून काय केलं असतंस? सही झालेली होती.

नेव : ती टाकी गंजलेलीच होती.

रेलीन : होती. तळाला बोट घातलं तर आरपार जाईल अशी होती. पण जिथं बोअरचं मचूळ पाणी तोंडात धरवत नाही, त्या गावात मी त्या टाकीवर संसार केला, नेव. दुष्काळात ती तळाला गेली, तेव्हा आपल्या पोराला, ब्रेटला ज्या पाण्यात आंघोळ घातली त्यातच चादरी बुचकळल्या, आणि तेच गुलाबांना घातलं. रात्री पाऊस आला की तू पेरणीसाठी जागा असायचास आणि मी पन्हळीचा आवाज ऐकत जागी असायची. काल पाइप लावून बसले आणि म्हटलं, जेवढं येईल तेवढं घेऊन जाऊ.



नेव : रेलीन, जायचं आपण दोघांनी ठरवलं होतं. ब्रेटला शेत नको होतं, माझ्यानं होत नव्हतं. तुला विचारलं होतं मी. तू हो म्हणालीस.

रेलीन : विचारलंस खरं. पण तू विचारलंस तेव्हा ही गाडी अंगणात येऊन उभी होती, आणि किल्ली तुझ्या हातात होती. ज्यानं किल्ली हातात घेऊन विचारलं त्याला नाही कसं म्हणायचं, ते सांग मला. मला राग आला होता. आजही आहे. पण तुझं तोंड एवढं हसरं होतं की माझ्यानं बोलवलं नाही.

(नेव शिडी लावून टपावर चढतो आणि तिथं बांधलेल्या होडीचे पट्टे सोडू लागतो.)

कॉलीन : अरे, होडी काढतोस?

नेव : खालून धर. जड आहे.

कॉलीन : वर्षभर दुकानात जो भेटेल त्याला सांगत होतास, उत्तरेच्या नदीत हातभर मासा धरणार म्हणून.

रेलीन : जन्म गेला धुळीत, आणि हौस होडीची.

नेव : धुळीत गेला म्हणूनच हौस. कॉलीन, तुझ्या शेडमध्ये जागा आहे?

कॉलीन : आहे. उंदरांना फिरायला होईल.

नेव : इंजिन पण घे. आणि ही हत्यारांची पेटी.

रेलीन : पेटी राहू दे. ती तुझ्या वडिलांची आहे.

नेव : तुझं पाणी आणि माझी पेटी दोन्ही बसत नाही. गाडी नवी आहे, काय बिघडायचंय तिचं. एक पक्कड आणि दोन पाने ठेवतो खिशात. सवय आहे म्हणून.

कॉलीन : बघू आता. अजून वीसेक किलो जास्त आहे.

नेव : मी उतरलो की बसेल वजनात. रेलीन जाईल एकटी.

रेलीन : जाईन. लायसन्स माझंही आहे. कॉलीन, दोन बादल्या आण.

नेव : राहू दे गं. जनरेटर काढतो.

रेलीन : मग संध्याकाळी अंधारात तुझं तोंड बघत बसू? आण गं बादल्या. चहाला वापर हे पाणी, कॉलीन. झाडांना घालशील तर बघ.

कॉलीन : झाडांना घालायला मी काय वेडी आहे? किटलीच ठेवते लगेच. तुम्ही दोघं काय ते बोलून घ्या. आत ऐकू येतं, पण मी ऐकणार नाही.

नेव : रेलीन, ऐकतेस?

रेलीन : इथंच आहे.

नेव : मला शुक्रवारचा पाऊस बघायचा नव्हता. पाऊस पडला की ते पेरायला घेणार. आपल्याच वावरात. मी इथं राहिलो तर रोज जाऊन कुंपणाला टेकून उभा राहीन, आणि म्हणेन, अरे खोल पेरतोयत, अरे उशीर केला. वेडा होईन मी. म्हणून गाडी घेतली. मासाबिसा नंतर सुचला.

रेलीन : हे मला का नाही सांगितलंस?

नेव : लाज वाटली. चाळीस वर्षं शेत केलेला माणूस शेताला भितो, हे काय सांगायचं?

रेलीन : मला वाटलं, तू सगळं आनंदानं सोडलंस. एकदा मागे वळून बघितलं नाहीस. मला त्याचंच फार लागलं होतं. घराचं नाही एवढं.

नेव : बघितलं असतं तर निघालो नसतो.

रेलीन : कर्म माझं. आणि मी पाइप धरून एकटीच रडत बसले.

नेव : किल्ली तिकडे काट्याच्या खिडकीत ठेवलीय. आता पुन्हा विचारतो. जायचं का? नको म्हणालीस तर गावात एखादं घर भाड्यानं बघू. गाडी विकून टाकू. मी कुरकुर करणार नाही.

रेलीन : तू आणि कुरकुर करणार नाहीस?

नेव : थोडी करीन.

रेलीन : जायचं. रोज रात्री झोपायला नवी जागा, हे मला नको होतं असं नाही. मला विचारलेलं हवं होतं. पण सहा महिने नाहीत. हिवाळा सरला की सप्टेंबरात परत यायचं.

नेव : सप्टेंबरात? इथं राहायला घर नाही आपलं.

रेलीन : हे चाकांवरचं आहे की. रस्त्याच्या कडेला उभं करू. पहिलाच गहू आहे त्यांचा आपल्या वावरात. ओंब्या कशा भरल्यात ते मला बघायचंय.

नेव : मला नाही बघवणार ते.

रेलीन : मग तू गाडीतच बस. मी कुंपणापाशी जाऊन येते, आणि कसा आलाय ते तुला सांगते.