एकदम उलटलेली दोन पाने

सन १९९६ मध्ये सुरतेतील उधना येथील मराठी वाचनालयाच्या रांगेत मी उभा होतो. माझ्यापुढील एक बाई व ग्रंथपाल यांच्यात जे संभाषण झाले, ते येथे जसेच्या तसे उतरवीत आहे.

"भाऊ, मागल्या आठवड्यात नेलेलं हे पुस्तक आमच्या उज्जूला चालेल ना? तेरा वर्षांची आहे."

"ताई, जुनीच परीकथा आहे. फक्त राजवाड्याच्या जागी अवकाशयान आणि साल तेवीसशे. आमची ही तर वाचून विचारत होती, तिथं नळाला पाणी किती वाजता येतं."

"मला वाचता येत नाही. मी साड्यांना लेस लावते, तवा ती मोठ्यानं वाचते. पण एका जागी दोन पानं एकदम उलटते. तिथं तसलं काही आहे का? कोपरा दुमडलाय बघा."

"पान दुमडायचं नसतं, ताई. हं, तसलं काही नाही. इथं सावत्र आई येते. ती यंत्र असते."

"काय करते ती?"

"पोरीची हवा बंद करते. मग पोरगी तिचंच बटण बंद करते."

"असं."

"तुम्ही उज्जूच्या..."

"दोन वर्षं झाली मला त्या घरात येऊन. मावशी म्हणते मला."

"मग दुसरं देऊ? प्राण्यांचं छान आलंय."

"नको. ती पानं ज्या दिवशी मला वाचून दाखवील, त्या दिवशी हे परत आणते."

"आठ दिवसांचा नियम आहे, ताई."

"मग दर आठ दिवसांनी येऊन तारीख वाढवून नेईन."