नवरीला हळद नको

कोपरीला शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक होणारी नवरी आणि तिची आत्या उभ्या होत्या.

"संचिता, हळदीशिवाय नवरी मी जन्मात पाहिली नाही."

"आता बघ. रविवारी लग्न आणि मंगळवारी मी क्लीनरूममध्ये. तिथे पावडर, काजळसुद्धा चालत नाही."

"हातमोजे देतात ना?"

"देतात गं. पण हळद अंगावरून, केसांतून झडत राहते. एक कण उपग्रहातल्या डिटेक्टरवर बसला, तर वर अंतराळात पुसायला कोण जाणार, तू?"

"मग इथूनच बघा ना तुमचे तारे!"

"आम्हाला त्यांचे एक्स-रे बघायचेत. ते हवेतच अडतात, खाली पोचतच नाहीत."

"एका मंगळवारी दुसरं कोणी जाईल की."

"आत्या, कॉलेज सुटल्यापासून मी तो डिटेक्टर बनवतेय. त्याचं झाकण मीच लावणार."

"आणि प्रणितकडून उष्टी हळद येईल, तिचं काय करू?"

"तुम्ही सगळ्या लावून घ्या. मला उपग्रह उडाल्यावर लाव. तेव्हा नाकाकानात गेली तरी चालेल."

"हे सासूला कोण सांगणार?"

"मी सांगितलं. त्यांनी विचारलं, गजरा तरी माळशील ना?"

"मग?"

"म्हटलं, फुलांना पराग असतात. गजराही नको."

"धन्य आहेस बाई."

रिक्षा आली. संचिता आधी चढली. आत्या चढता चढता थांबली आणि माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्ही मध्ये बसा. माझ्या पिशवीत हळदीचा पुडा आहे."