चौदावं पान, पेरूचं

नाही काका, तुमच्या छपाईची काहीच चूक नाही, पुस्तिकेची कच्ची प्रत छान झालीय — फक्त छापायला घ्यायच्या आधी चौदावं पान मला परत द्या, एकच मिनिट. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. आणि मघाशी दचकले ते मनावर घेऊ नका, दार वाजलं की मला धस्सच होतं, माणूस कोणीही असो.

तर चौदावं पान म्हणजे पेरू. बागेत प्रत्येक झाडाखाली पाटी आहे ना — झाडाचं नाव, आणि ते नाव आलं कुठून — त्या सगळ्या मी लिहिल्या. मी भाषा शिकलेय, झाडं नाही. पण शब्द मी नीट तपासते हो. 'कलम'चं पान बघा. आधी बोरू, मग लेखणी, मग छाटून लावलेली फांदी, मग कायद्यातलंही कलम — चार कोश उघडून लिहिलंय. पेरूचं मात्र कोशांचंच आपसात जमेना. एक म्हणतो देशाच्या नावावरून आला, दुसरा म्हणतो दर्यावर्दी लोक नासपतीला जे म्हणायचे त्यावरून. इकडे पाटी रंगवणारा ब्रश घेऊन दारात उभा, आणि सरांनी — सर म्हणजे आमचे बागप्रमुख — बजावलेलं, 'माहीत नाही' असं एकाही पाटीवर नको, लोक हसतात. मग मी लिहिलं. काय म्हणजे — वाचा की, तुमच्या हातातच आहे. 'पूर्वी वाटसरू हे फळ खात खात जात, बिया वाटेवर पडत आणि मागून येणारे त्या झाडांवरून वाट ओळखत. पेरत जातो तो पेरू.' हो, छान आहे. मलाही छान वाटलं. डबा खाऊन झाल्यावर बसल्या बसल्या रचलं मी, चार मिनिटांत.

आता शाळांच्या सहली येतात, मुलं वहीत उतरवून घेतात. मी तेवढ्यापुरती लिंबांच्या बाजूने जाते.

पुस्तिका काढायची ठरली तेव्हा म्हटलं, पुरे झालं, छापील खोटं आपल्याच्याने व्हायचं नाही. गेले सरांच्या खोलीत. माझी नोकरी कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीला पडलेला — तो मला दिसला, नाही कशाला म्हणू. तरी म्हटलं, सर, पेरूबद्दल बोलायचं होतं. तर म्हणाले, "ही गोष्ट मला आजोबांनी सांगितली होती. झाडाखाली बसून. मी सहा वर्षांचा असेन."

मी म्हटलं, हो का. आजोबा फार तिरसट होते म्हणे, नातवंडांना जवळ बसवायचे नाहीत. ही एवढी एकच गोष्ट त्यांनी सांगितली, असं म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. खोटं नाही बोलत हो ते. त्यांना खरंच आठवतं — आजोबांनी फोड कापून दिली, चाकू बाहीला पुसला, सगळं. पहिल्या पानावरची सरांची अर्पणपत्रिका वाचलीत ना? 'पेरूची गोष्ट सांगणाऱ्या आजोबांना.'

आता हे खोडायचं कसं? आणि ठेवायचं कसं — शेवटच्या पानावर 'शब्दांची माहिती' म्हणून नाव माझं आहे. म्हणून हे पान हवं होतं. बघा, काहीच खोडत नाही. शेवटी दोन शब्द घालते — 'असं सांगतात'. सांगतातच की. सर येईल त्या पाहुण्याला सांगतात. यात खोटं कुठे आहे? ओळीत बसतील ना एवढे दोन शब्द — नाही, सरांना विचारायला नको, तेवढं एक —

या ना सर. हे छापखान्यातले काका. हो, झालंच, पानच देत होते त्यांना. नाही, गोष्ट नाही सांगितली अजून. तुम्हीच सांगा ना सर, तुमच्या आजोबांची आहे. मी आपली लिहून घेतली.